हंस, बदक आणि आरमोरीची दवंडी

इतवारी स्टेशनावरून छोट्या रुळांची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर चामड्याची पिशवी होती आणि पिशवीत स्वित्झर्लंडहून आलेली रंगाची एक डबी. मुठीत मावेल एवढीच. तिच्या झाकणावर निळ्या पाण्यात पोहणारा पांढरा हंस होता. या हंसाच्या पाठोपाठ मी चांदा जिल्ह्यात निघाले होते.

मी नागपूरला वकिली करते. मुंबईच्या एका सॉलिसिटरांकडून अधूनमधून परदेशी कंपन्यांची कामे माझ्याकडे येतात. ती बहुधा दोनच जातींची असतात. एकतर आपल्याकडच्या कोणा व्यापाऱ्याकडे त्यांची येणी अडकलेली असतात, नाहीतर त्यांच्या मालाची छाप कोणीतरी उचललेली असते. हे काम दुसऱ्या जातीचे होते. कंपनी रेशमाचे रंग बनवते. वैनगंगेच्या काठी कोसा (रानातल्या किड्यांचे सोनेरी रेशीम) विणणारी गावे आहेत, तिथे तिचा लाल रंग चांगला खपत असे. गेल्या वर्षापासून तो खप एकाएकी बसला होता.

मुंबईच्या सॉलिसिटरसाहेबांना नकलेचा संशय होता. त्यांनी कोणाकडून तरी बाजारातली दुसरी डबी मिळवली, तर तिच्यावर निघाले बुटके, पिवळ्या चोचीचे बदक. हंस आणि बदक यांत कोणी गल्लत करील असे दिसत नाही, हे त्यांनी स्वतःच पत्रात कबूल केले होते. तरीही जागेवर जाऊन पाहा, असा त्यांचा आग्रह होता. काही हाती लागलेच, तर कंपनीला खटला भरायचा होता. इतरांना दहशत बसावी म्हणून.

मार्गशीर्षाचे दिवस होते. उमरेड मागे पडले आणि खिडकीबाहेर कापलेल्या धानाचे सड दिसू लागले. मध्येच एखादे तळे येई, त्याच्या पाळीवर बगळे आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसे. समोरच्या बाकावर शिंगाड्यांची टोपली घेतलेली एक बाई बसली होती. तिने बराच वेळ मला निरखले आणि मग विचारले, "एकट्याच जाऊन राह्यल्या काय, बाई?"

"हो. कामाला चालले आहे. वकील आहे मी."

"म्हनजे वकीलसाहेब कुठी बसले? मांगच्या डब्यात?"

मी म्हटले, साहेब वगैरे कोणी नाही, वकील मीच. तिने ते ऐकून घेतले, विचार केला आणि मला उकडलेले चार शिंगाडे दिले. "खा. कोरटात बोलाले ताकद लागते," ती म्हणाली. शिंगाडे अजून कोमट होते. या प्रवासातले पहिले जेवण तेच.

नागभीडला गाडी बदलून ब्रह्मपुरीला उतरले. तिथून नदीपर्यंत दमणी (माणसे नेणारी हलकी बैलगाडी) मिळाली. वैनगंगेवर इथे पूल नाही. पावसाळा सरून बरेच दिवस झाले असले तरी पात्र रुंद होते, मधली धार डोंग्यातून ओलांडायची आणि उरलेल्या वाळूतून पायी चालायचे. डोंगा हाकणारा म्हातारा ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातला) होता. आरमोरीला कोणाकडे जाता, असे त्याने विचारले. मी म्हटले, कोसा रंगवणाऱ्यांना भेटायचे आहे.

त्याने वल्हे थांबवले. "रंग घेजा तपासून," तो म्हणाला. "ह्याच धारेत वैशाखात एका वरातीची गाडी फसली होती. आरमोरीची पोरगी, ब्रह्मपुरीकडे दिलेली. उतरली पान्यात, तं कमरेपासून खाली सारा रंग सुटला. नवरीच्या पायाखालून लाल पानी वाहून राह्यलं, अन् सासरचे काठावरून पाहून राह्यले. सासू तं तिथीच रडाले लागली. अपशकुन झाला म्हने."

"मग?"

"मंग काय? लगन तं झालं होतं. नेलं तिले. पन ज्या बाईनं लुगडं रंगवलं, तिच्या दारात आता कोनी जात नाई."

एवढे बोलून त्याने पुन्हा वल्हे मारायला सुरुवात केली. मी पाण्याकडे पाहत राहिले. पाणी स्वच्छ होते, तळाची वाळू दिसत होती.

आरमोरीला माझी सोय शाळेच्या गुरुजींच्या घरी केलेली होती. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी हातपाय धुवायला गरम पाणी दिले आणि जेवायला तांदळाची भाकर, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि झिंग्यांची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी वाढली. चटणीने डोळ्यांत पाणी आणले, तरी दुसऱ्यांदा मागून घेतली. वरातीची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. रंगवणाऱ्या बाईचे नाव यमुनाबाई. नवरीची आई भागरथी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. "एका ताटात जेवत होत्या जी दोघी," सुमतीबाई म्हणाल्या. "आता समोरासमोर आल्या तं एक पदर घेते अन् दुसरी रस्ता बदलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारपेठेत गेले. पेठ म्हणजे एकच रस्ता. रंग मिळायचे दुकान लखमाजी नावाच्या गृहस्थांचे. मीठ, मिरची, दोर, कंदिलाच्या काचा असे सगळे तिथे एका छपराखाली होते. ओळख न देता मी म्हटले, "भाऊ, हंस छाप लाल रंग आहे का?"

"हंस?" लखमाजींनी डोके हलवले. "हंस नाई जी आपल्याकडं."

पण त्यांच्या डोक्यामागेच, फळीवर, हंसाची डबी होती! निळे पाणी, पांढरी मान, सगळे तेच. मी बोट दाखवले. "मग ते काय?"

त्यांनी वळून पाहिले. "हे? हे तं बदक होय."

"हे बदक आहे?"

"बदकच. साऱ्या गावाले इचारा. माह्या बापाच्या काळापासून बदकाचाच रंग म्हनतात." त्यांनी ती डबी काढली, आणि तिच्या शेजारी दुसरी ठेवली, पिवळ्या चोचीची. "हे जुनं बदक, हे नवं बदक. नवं सस्तं पडते."

मी दोन्ही डब्या हातात घेतल्या आणि खरे सांगते, मनात आनंदाची लहर उठून गेली. मुंबईच्या टेबलावर दोन चित्रे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला हे कधीच कळले नसते. कायदा विचारतो, गिऱ्हाईक फसेल का? पण गिऱ्हाईक चित्र पाहून माल घेत नाही, नाव घेऊन मागते. या भागात कोणी हंस पाहिलेला नाही. पांढरा पक्षी पाण्यात पोहतो, म्हणजे बदक. परदेशी कंपनीचे खरे नाव इथल्या लोकांनी ठेवले होते, आणि ते कंपनीलाच माहीत नव्हते. ज्याला ते माहीत होते त्याने त्या नावाचे चित्र काढून घेतले होते.

"लोक फक्त 'बदक द्या' म्हणतात, तेव्हा कोणती डबी देता?" मी विचारले.

लखमाजी जरा चाचरले. "नवीच देतो. नफा हाये तिच्यात. पन रंग कसा निंगते ते मले काय मालूम, बाई? मी काही कपडा रंगवत नाई." मग हळूच म्हणाले, "तुमी सरकारी तं नाई?"

मी सांगितले कोण आहे ते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, स्वतः मात्र घेतला नाही.

यमुनाबाईंचे घर गावाच्या टोकाला, तळ्याच्या बाजूला होते. अंगणात तांब्याचे मोठे भांडे पालथे घातलेले. त्याच्या बुडाला कोळ्याचे जाळे झाले होते. यमुनाबाई धान पाखडत होत्या. पन्नाशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, आणि नखांच्या कडेला जुना लाल रंग अजून बसलेला. यजमान कधीच वारले होते, मुलगा गडचिरोलीला जंगलखात्यात मजुरीला.

मी काय विचारायला आले ते सांगितले. त्या पाखडायच्या थांबल्या नाहीत.

"मी बदक मांगितलं, त्यानं बदक देल्लं," त्या म्हणाल्या. "डबीवर बदक होतं. अजून काय पाहू? मले वाटलं चित्र नवं काढलं असन."

"रंगवताना काही वेगळे वाटले नाही?"

"नाई. रंग तं मस्त चढला. भागरथी म्हने, यमुने, असा लाल तं माह्या लग्नातबी नव्हता." सूप खाली ठेवून त्यांनी हात झटकले. "पान्यात पडल्यावर मालूम झालं. अन् मंग साऱ्याईले एकच मालूम झालं, का यमुनाचा हात खोटा. पोरीले सासरी आजबी टोमने मारतात म्हने. लाल पान्याची सून म्हनतात."

मी म्हटले, हे सगळे तुम्ही प्रतिज्ञेवर लिहून द्याल का? तुमच्या साक्षीने नकलेचा माल बंद होईल.

"देईन," त्या लगेच म्हणाल्या. "पन मंग कोरट सांगन ना, का माहा हात खोटा नव्हता?"

या प्रश्नाला मी तयार नव्हते. वकिलाला अशा वेळी गुळमुळीत बोलता येते, आणि साक्षीदार हातचा जाऊ नये म्हणून पुष्कळ जण बोलतातही. माझ्याही ओठांवर आले होते. पण त्या माझ्याकडे फार सरळ पाहत होत्या.

"नाही, यमुनाबाई," मी म्हटले. "कोर्ट फक्त एवढेच सांगेल की हे नाव कंपनीचे आहे आणि दुसऱ्याने ते वापरू नये. तुमच्याबद्दल निकालात एक अक्षरही नसेल."

"म्हनजे त्या साता समुद्रापलीकडच्या कंपनीचं नाव साफ होईन. अन् माहं?"

अंगणातल्या कोंबड्या सांडलेले दाणे वेचत होत्या. मग यमुनाबाई म्हणाल्या, "तुमी खोटं नाई बोलल्या. लिहा. अंगठा देतो. पन होत असन तं माह्यासाठी काही पाहा."

पाहते, असे मी म्हटले. काय पाहणार होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

नक्कल कुठून येते हे लखमाजींनी न लपवता सांगितले. चांद्याच्या गोल बाजारातले एक घाऊक व्यापारी, मदनशेठ. चांद्याला जाण्याआधी गडचिरोलीची दुकानेही पाहावीत म्हणून मी बस धरली. रस्ता रानातून जातो. सागाची पाने वाळून तांबूस झाली होती आणि बस गेली की मागे त्यांचा कुरकुर आवाज येत राही. मध्येच टायर बसला. क्लीनर चाकाशी झटत होता तोवर उतारू सगळे झाडाखाली बसले. मोळी घेऊन चाललेल्या दोन गोंड बायका थांबून आमच्याकडे पाहू लागल्या. त्यांच्या गळ्यात मण्यांच्या भरगच्च माळा होत्या, आणि त्या आपसात गोंडीत बोलून हसत होत्या. कंडक्टर म्हणाला, "त्या म्हनून राह्यल्या, आमचं मोळीचं ओझं बरं, ते मधातच बसत नाई."

मी हसले आणि पिशवीतून रुमाल काढायला हात घातला. हात बाहेर आला तो लालभडक. लखमाजींकडून पुरावा म्हणून घेतलेल्या नव्या बदकाचे झाकण धक्क्यांनी उघडले होते, आणि शेजारी ओला टॉवेल. रुमाल, टॉवेल, माझ्या पांढऱ्या साडीची निरी, सगळे रंगले. एक म्हातारी धावत आली, "लागलं काय, बाई?" नाही म्हणेपर्यंत साऱ्या बसला वाटले की वकिलीणबाईंचा हात कापला. ओढ्यावर जाऊन धुतले तर साडीवरचा रंग बराचसा निघून गेला. कोसा असो की सूत, हा रंग कशावर टिकतच नसावा. हातावरचा मात्र चार दिवस निघाला नाही.

गडचिरोलीला कचेऱ्या, दवाखाना आणि धुळीने भरलेला बसचा अड्डा. तिथल्या दोन्ही दुकानांत हीच कथा. हंस कोणालाच ठाऊक नाही, बदक सगळ्यांना. एका दुकानदाराने तर मला समजावून सांगितले की फिरंगी लोकांकडची बदके मान लांब करून चालतात, थंडीमुळे.

पुन्हा नदी, मग मूल गावावरून चांदा. परकोटाच्या दगडी भिंतीतून, जटपुरा दरवाज्यातून टांगा आत शिरला तेव्हा ऊन कलले होते. दरवाज्यावर कोरलेले हत्ती-सिंह मी मान वळवून पाहत राहिले. टांगेवाल्याने घोडा हळू केला. "पाहून घ्या बाई, आम्ही रोज जातो तं दिसतच नाई आम्हाले," तो म्हणाला. रात्र एका वकील स्नेह्यांच्या घरी काढून सकाळी मी गोल बाजार गाठला.

मदनशेठ चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, बोलायला मोकळे गृहस्थ निघाले. माझ्या लाल हातांकडे त्यांनी दोनदा पाहिले.

"मेंदी काढली काय, वकीलसाहेब?" साहेब म्हणणारे या प्रवासातले ते पहिले.

"तुमच्याच डबीची कृपा, शेठजी."

ते ओशाळले, मग गादीवर सरसावून बसले. "पाहा, मी बी काही अनाडी नाही. मुंबईच्या वकिलांची चिठ्ठी येणार, हे मालूम होतं मले. मी बी इचारून घेतलं आहे. त्यांचा हंस, माहं बदक. देवानं दोन पाखरं अलग अलग बनवली. मी काय चोरी केली?"

युक्तिवाद चुकीचा नव्हता. कागदावर तो टिकलाही असता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, फक्त एक विचारायचे होते ते विचारले. "रानात इतकी पाखरे आहेत. मोर आहे, पोपट आहे, बगळा आहे. तुम्हाला बदकच का सुचले?"

"काऊन म्हणजे? लोक बदकच मांगतात ना!"

आपण काय कबूल केले, हे बोलून गेल्यावर त्यांना कळले. मग ते हसले, पण ते हसू लांबले नाही. त्यांनी दुकानातल्या माणसाला बाहेर पाठवले आणि आवाज खाली आणला. "खटला होईल?"

"कंपनीला तेच हवे आहे."

"माही पोरगी लग्नाची आहे, बाई. कोर्टात नाव गेलं तं कोण दारात येईल?"

त्यांचे हे वाक्य ऐकून मला अंगणातले पालथे भांडे आठवले. मी त्यांना नदीतल्या वरातीची हकिकत सांगितली, नवरीची आणि यमुनाबाईंचीही. त्यांनी ती यापूर्वी ऐकलेली नव्हती.

"रंग कच्चा आहे हे मले मालूम होतं," शेवटी ते म्हणाले. "पण माणसं दोन-चार डाव धुतील, फिकं पडेल, एवढंच वाटलं. लग्नाचं लुगडं कोणी त्यात घालेल असं नाही वाटलं."

मी तीन अटी सांगितल्या. बदकाचे चित्र आणि नाव सोडायचे. दुकानादुकानांतल्या डब्या परत उचलायच्या. आणि आरमोरीच्या आठवडी बाजारात दवंडी पिटवून सांगायचे की वैशाखात जो रंग सुटला तो डबीचा दोष होता, रंगवणाऱ्या बाईचा नव्हे. हे लेखी दिलेत, तर खटला नको असे मी मुंबईला सुचवीन.

पहिल्या दोन अटी त्यांनी तिथल्या तिथे मान्य केल्या. तिसरीला मान हलवली. "त्या बाईले काय द्यायचं ते मी देतो. मनिऑर्डर करतो. पण दवंडी नको. बाजारात वाजवून सांगणं म्हणजे..."

"तिने काही मागितलेले नाही. एवढेच मागितले आहे."

"माहं नाव घेतील?"

मी विचार केला. यमुनाबाईंना मदनशेठ कोण, हेही ठाऊक नव्हते. त्यांना कोणाची फजिती नको होती. "तुमचे नाव नको," मी म्हटले. "डबीचे घ्या. आणि तिचे."

ते तयार झाले. मी पोस्टात जाऊन मुंबईला लांबलचक तार केली. तिसऱ्या अटीबद्दल लिहिले की दवंडीने गिऱ्हाइकांना खरी डबी ओळखता येईल आणि कंपनीचा फायदा होईल. हे खरेच होते. मात्र ती अट मी कंपनीसाठी घातलेली नव्हती, आणि ते तारेत लिहायला मला काही कारण दिसले नाही.

उत्तराची वाट पाहण्यात मधले दिवस गेले. अचलेश्वराचे देऊळ पाहिले, झरपट नदीच्या काठी फिरले, पण लक्ष लागत नव्हते. कंपनी खटल्यावर अडून बसली तर यमुनाबाईंचा अंगठा कंपनीच्या कामी येणार आणि त्यांच्या हाती काहीच पडणार नाही, हे सतत मनात होते. तार आली ती बाजाराच्या आदल्या दिवशी. 'अटी मान्य. तिसरीचा खर्च कोणाचा?' मी मदनशेठांचा लेखी होकार पिशवीत घातला आणि चांदा फोर्टहून ब्रह्मपुरीची गाडी पकडली.

आरमोरीचा बाजार पटांगणात भरतो. ढिवरांच्या बायका टोपल्यांत मासे घेऊन ओळीने बसतात, पलीकडे मिरच्या, गाडगी, कोशाचे गाठोडे घेतलेले विणकर. कोतवाल डफडे गळ्यात अडकवून आला आणि त्याने ते वाजवले तशी गर्दी हळूहळू वळली. मी लिहून दिलेला मजकूर त्याला गुरुजींनी पाठ करून घेतला होता. कंपनीचे परदेशी नाव त्याला काही केल्या जमेना. पहिल्यांदा अडला, दुसऱ्यांदा काहीतरी तिसरेच बोलला, आणि बाजार हसू लागला. तेव्हा त्याने ते नाव सोडूनच दिले आणि स्वतःच्या भाषेत ओरडला:

"ऐका हो ऐका! नव्या बदकाचा रंग कच्चा हाये! वैशाखात नदीत जो रंग सुटला, ती डबीची खोट! यमुनाबाईच्या हाताची खोट नाई! कोनी बोल लावू नये हो!"

पुन्हा डफडे वाजले. हसणे थांबले होते. मासेवाल्यांच्या ओळीतून कोणीतरी म्हणाले, "पाहा बाप्पा." लखमाजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते खाली उतरले, पेठेतून चालत कोतवालाजवळ आले आणि उरलेल्या नव्या डब्यांची पोती गुरुजींच्या समोर ठेवली.

यमुनाबाई बाजारात नव्हत्या. मी त्यांच्या घराकडे निघाले. वाटेत माझ्यापुढे एक ठेंगणी बाई भराभर चालत होती, हातात रिकामी पिशवी, बाजार न करताच परत फिरलेली. ती यमुनाबाईंच्या अंगणाशी पोचली आणि तिथेच थबकली. ही भागरथी असणार, हे मला कोणी सांगावे लागले नाही. मी तळ्याच्या पाळीवर थांबले.

यमुनाबाई दारात आल्या. दवंडी त्यांना घरातूनही ऐकू गेली असावी. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या.

"इतके दिवस मी कोनाले बोलून राह्यली होती, यमुने?" भागरथी म्हणाली.

यमुनाबाईंनी ओट्यावरचे सूप बाजूला सरकवले.

भागरथी ओट्यावर चढली आणि बसली. पिशवीची घडी घातली, उलगडली. "पानी दे," ती म्हणाली.

यमुनाबाई आत गेल्या. मला वाटले, त्या परत येणारच नाहीत, इतका वेळ लागला. मग पितळी लोटा घेऊन आल्या. भागरथीने तो दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि थेंबही न ठेवता प्यायली. त्यानंतर डोळे पुसून म्हणाली, "पोरगी पुसात येऊन राह्यली माहेरी. लुगडं पेटीतच हाये. फेकलं नाई मी."

"फेकते कशाले? चांगला कोसा होय," यमुनाबाई म्हणाल्या. "घेऊन ये. धुऊन पाहू. अन् सासूले बी आन तिच्या. तिच्याच समोर रंगवतो. मंग नेऊ नदीवर, अन् डुबवू."

भागरथी हसली की रडली, मला लांबून कळले नाही. मी तशीच मागे फिरले. माझे तिथे काही काम उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुमतीबाईंनी जवसाची चटणी आणि भाकरी बांधून दिली. नदी ओलांडून मी ब्रह्मपुरीला आले. गाडीला उशीर होता. फलाटावर बसून मी कंपनीसाठी अहवाल लिहू लागले. छापेचे बाजारातले नाव काय, नक्कल कोणत्या भागात पसरली, मदनशेठांच्या हमीपत्रात काय आहे, सगळे मुद्देसूद लिहिले. कंपनीने 'बदक' हे नावही आता आपल्या नावावर नोंदवून घ्यावे, असा सल्लाही दिला. परदेशी मालकांना मी यापुढेही हेच सांगेन, की आपली छाप आपण काय समजतो याला फारसा अर्थ नाही, दुकानाच्या पायरीशी उभे राहून लोक काय मागतात ते आधी ऐका.

ओट्यावरचे मात्र अहवालात कुठे बसवायचे ते सुचेना. ते लिहायला त्यात जागाच नव्हती, म्हणून इथे लिहिले. आमच्या कायद्याच्या पुस्तकांत 'सामान्य समजुतीचे गिऱ्हाईक' असा एक माणूस येतो. त्याला नाव नाही, गाव नाही, तो फसतो किंवा फसत नाही एवढेच त्याचे आयुष्य. इतकी वर्षे मी त्याच्या नावाने वाद घालत आले. गाडी नागभीडच्या दिशेने निघाली, धानाचे सड मागे पडू लागले, आणि मला कळले की आता कोर्टात ते शब्द उच्चारताना मला क्षणभर थांबावे लागणार आहे. कारण फसल्यानंतरही तो माणूस घरी जातो, आणि त्याच्या दारात कोणी यायचे की नाही हे गाव ठरवत बसलेले असते.